आक्काचं नाक आणि नानांचा डबा

रतिलालशेठच्या मंडपाच्या गोदामासमोर जो जुना ट्रक उभा असायचा, त्याला सगळे आक्का म्हणायचे. नाव कोणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ते शोभून दिसायचं. घरातल्या थोरल्या बहिणीसारखी ती सकाळी उठताना कुरकुरायची, खोकायची, चार माणसांना हाताशी घ्यायची. आणि एकदा उठली की मग दिवसभर सगळ्यांचं ओझं मुकाट्यानं वाहायची. लढाईच्या काळातला अमेरिकन ट्रक तो, पेट्रोलवर चालणारा. शेठच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतला होता. बाकी सगळ्या जगानं डिझेल धरलं, पण मंडपाचं काम जवळपासच्या गावांचं, म्हणून आक्का आपली पेट्रोल पीत राहिली.

आक्काचे ड्रायव्हर उखर्डूनाना. राहणार असोदा, जळगावजवळ. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकडून उचलून आणवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. अशा पोराकडे यमाचं लक्ष जात नाही म्हणतात. त्याचं लक्ष खरंच गेलं नाही. नाना चांगले धडधाकट वाढले, आणि मिसरूड फुटल्यापासून जे आक्काच्या चाकावर बसले ते साठीला टेकले तरी उतरले नव्हते. रस्त्यात गाडी बंद पडली आणि कुणी हसलं तर ते म्हणत, "मी उकिरड्यावरून उठेल माणूस हाये भाऊ. मले कचऱ्यात कोन टाकनार?"

आता मंडपवाल्यांच्या पोटाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. लग्नाच्या गावात मंडप घालणारा आदल्या दिवशी पोचतो तेव्हा चूल पेटलेली नसते, आणि मंडप सोडून निघतो तेव्हा चूल विझलेली असते. मधल्या वेळात पंगतींवर पंगती उठतात. वरपक्ष, वधूपक्ष, गावकरी, वाजंत्री, सगळे जेवतात आणि मंडपवाल्यांची आठवण येते तेव्हा बट्ट्यांचा चुरा आणि तळाचं वरण उरलेलं असतं. नानांच्या जोडीला वना होता. बांबू रोवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि भूक लागल्यावर बोलण्यातही. एकदा धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे दोघं भुकेनं कासावीस झाले. गाडीत नानांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, मिरच्या होत्या, लसूण होता, असोद्याची हिरवी पांढुरकी वांगीही होती. नव्हता तो जाळ. वारा असा सुटला होता की काडी पेटून तग धरत नव्हती.

वना बॉनेटला टेकला आणि चटका बसून उडाला. "ओ नाना! ह्या आक्काच्या पोटात एवढा जाळ हाये, आन् आपन काडीपेटी घासू राह्यलो?"

नानांच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तेलाचा एक डबा कापून झाकणाची पेटी केली आणि इंजिनातून धुराचा पाइप जिथं खाली वळतो, तिथं, बरोबर त्या तापलेल्या वळणावर, ती चार बोल्टांनी बसवली. बोल्टांसाठी पाइपाला गिरमिटानं भोकं पाडली. भोकं पाडताना त्यांना काही वाटलं नाही. भिंतीला खुंटी ठोकावी तसंच ते.

तेव्हापासून आक्काच्या वाटेवर सुगंध पसरला. जळगाव सोडताना वांगी डब्यात टाकायची, आणि पारोळ्याला गाडी थांबवून बॉनेटचा डावा पंख उचलायचा. वांगी मऊ होऊन सालीत सुरकुतलेली असायची. वना ती सोलून लाकडी काठवटीत घोटायचा. त्यात भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. लग्नघरची माणसं पुढे पुढे आपली पंगत सोडून ट्रकमागे येऊ लागली. त्या भरिताला एक चव होती. धुरकट, किंचित झणझणीत, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी. जाणकार डोळे मिटून विचारायचे, "नाना, कशावर भाजता हो?"

"पऱ्हाटीवर," नाना सांगायचे. कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे खान्देशात शेवटचा शब्द. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. सायलेन्सरच्या पाइपावर भाजतो म्हणून सांगायची नानांना लाज वाटायची. गाडीचं इंजिन हे काय स्वयंपाकघर आहे?

ह्या थापेला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं शेठच्याच घरी. शेठच्या आई इंदिराबाई. त्या दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत, स्वयंपाकिणीनं हात दोनदा धुतले की नाही ते दारात बसून बघायच्या. पण थंडीचे दिवस आले की नानांच्या भरिताचा एक डबा त्यांच्याकडे जायचाच.

"कशावर भाजलं रे उखर्डू?"

"पऱ्हाटीवर, बाई."

"हं," इंदिराबाई म्हणायच्या आणि डबा आत न्यायच्या.

असं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं. मग एक्याण्णव-ब्याण्णवच्या हिवाळ्यात आक्का बिघडली. म्हणजे चालायची, पण पेट्रोल असं प्यायची की पंपावरचा माणूस तिला लांबून बघून हसू लागायचा. आणि धूर! चोपड्याला एका लग्नात नानांनी तिला मागे घेतली तेव्हा पहिलीच पंगत बसलेली. आक्कानं एक ढेकर दिला आणि नवऱ्या मुलाच्या मामाचा पांढरा सफारी खांद्यापासून काळा झाला. मामा उठला तो थेट शेठला टेलिफोन करायलाच.

दुसऱ्या दिवशी शेठनं नानांना गोदामात बोलावलं. शेठ तसे सौम्य, पण त्या दिवशी चष्मा पुसत बोलत होते. चष्मा पुसत बोलले की समजावं, निर्णय झालेला आहे.

"नाना, अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या मुहूर्तावर डिझेलचा टेम्पो घेतोय. तुम्हीच चालवा. आक्काला मात्र आता निरोप द्यायचा. भंगारवाला येऊन बघून गेला."

नानांनी दाराकडे पाहिलं. बाहेर आक्का उन्हात उभी होती आणि तिच्या टपावर वना दोरखंडं बांधत होता, त्याला काही पत्ता नव्हता.

"शेठ," नाना म्हणाले, "तिले काय झालं ते तं पाहू. मानूस खोकते म्हनून कोनी त्याले भंगारात देते का?"

शेठ जरा विरघळले. वडिलांनी आणलेली गाडी, त्यांनाही जिवावर आलं होतं. म्हणाले, "धुळ्याचा धनसिंग आहे. कुवेतला गॅरेजात होता. लढाई झाली तेव्हा परत आला, त्यानं धुळ्यात दुकान टाकलंय. अमेरिकन गाड्यांत त्याचा हात बसलेला. त्याला दाखवू. तो म्हणाला सुधारते, तर राहील. तो म्हणाला नाही, तर मग माझ्याशी भांडायचं नाही. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले.

धनसिंग येणार त्या सकाळी नानांनी एक काम केलं. बॉनेट उघडून भरिताचा डबा सोडवला आणि गोदामात गाद्यांच्या ढिगामागे लपवला. बाहेरचा मिस्तरी येणार, गाडी मरणाला टेकलेली, आणि ड्रायव्हर तिच्यावर वांगी भाजतो हे दिसलं तर काय शोभा? भोकं उघडी राहू नयेत म्हणून चारी बोल्ट चिंध्या गुंडाळून पुन्हा भोकांत पिळले. आवरून, हात पुसून ते शहाण्या मुलासारखे उभे राहिले.

धनसिंग उंच, हसरा, बोलायला धुळ्याचा. हातात एक छोटी पेटी. ती त्यानं अशी उघडली जशी सोनार डबी उघडतो. आत बोटाएवढी धातूची एक वस्तू, तिला वायर, वायरीच्या टोकाला काट्याचं घड्याळ.

"हाई काय शे?" वनानं त्याच्याच बोलीत विचारलं.

"ऑक्सिजन सेन्सर," धनसिंग म्हणाला. "सोप्पं सांगू? हे नाक आहे. धुराच्या पाइपात बसवायचं. इंजिनातून निघालेल्या धुराचा हे वास घेतं. धुरात हवा उरली असेल तर काटा इकडे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, कोरडं चाललंय. हवा उरलीच नसेल तर काटा तिकडे, म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं. काटा मधे आला की गाडी खूश. मग कार्बोरेटर तिथंच कायम करायचा, नाक काढून घ्यायचं. आपल्या पेट्रोलात शिसं असतं, ते ह्या नाकाला चालत नाही. फार दिवस ठेवलं तर चोंदतं."

"म्हंजे आक्काले आता नाक येनार," वना म्हणाला. "नथ कोन घडवनार?"

धनसिंग हसत बॉनेटमध्ये वाकला. "सगळ्यात महत्त्वाचं काय, तर जागा. सहाही सिलिंडरचा धूर जिथं एक होतो, तिथं नाक पाहिजे. आणि इंजिनाजवळ पाहिजे, कारण तापल्याशिवाय ह्याला वासच येत नाही. ही जागा बरोबर आहे बघा." त्यानं बोट ठेवलं ते थेट वळणावर, चार बोल्टांच्या मधोमध. "पण इथं हे बोल्ट कसले?"

वनानं नानांकडे पाहिलं. नानांनी आभाळाकडे पाहिलं.

"ते मिलिटरीचे हायेत," नाना म्हणाले. "पयलेपासून."

"मिलिटरीनं कशाला लावले?"

"लढाई व्हती भाऊ. त्यायले काय सुचलं, काय नही सुचलं."

धनसिंगनं डोकं खाजवलं. कशाचा तरी आधार असेल, उगाच सोडायला नको, असं म्हणून त्यानं बोल्ट तसेच ठेवले आणि हातभर खाली सरळ पाइपावर भोक पाडून सेन्सर बसवला. घड्याळ नानांच्या समोर दांडीला बांधलं. आक्का सुरू केली. ती खोकली, तापली, आणि हळूहळू काटा जागा झाला. तो कोरड्याच्या बाजूला गेला आणि तिथंच टेकून बसला.

"कोरडं?" धनसिंगला पटेना. "एवढा काळा धूर आणि म्हणे कोरडं?" पण नाक सांगतंय म्हटल्यावर त्यानं कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, थोडं मोठं बसवलं.

त्या आठवड्यात आक्का आधीपेक्षा जास्त प्यायली. धनसिंग पुन्हा आला. काटा पुन्हा कोरड्याला. आणखी मोठं जेट. आता गाडी उभी राहील तिथली जमीन काळी होऊ लागली. पंपावरचा माणूस म्हणाला, "नाना, पाइप लावूनच ठेवू का कायमचा?" गोदामातली माणसं धनसिंगला कुवेतचा वैद्य म्हणू लागली. तो बिचारा हिरमुसला. त्याला त्या सेन्सरचा फार अभिमान होता. लढाईच्या धांदलीत सगळं सामान टाकून त्यानं ती पेटी तेवढी छातीशी धरून आणली होती.

शेठनं पुन्हा चष्मा पुसला. "शुक्रवारी गाडी धुळ्याला घेऊन जा. त्याच्या दुकानात निवांत बघू दे. शेवटचं. तिथून तो जे सांगेल ते मी मानणार."

शुक्रवारी सकाळी नाना निघाले तेव्हा वनानं गादीमागून डबा काढून आणला.

"ठेव तो," नाना म्हणाले.

"का ठेव? कोन पाह्यनार हाये रस्त्यात? पंधरा दिवस झाले, भरिताचं तोंड नही पाह्यलं. आक्काची ही शेवटली खेप असली तं शेवटलं भरीत तं खाऊ द्या. पारोळ्याले डबा काढून घेऊ."

शेवटली खेप ऐकून नानांनी वनाला थांबवलं नाही. डबा चढला, वांगी आत गेली, आक्का निघाली.

एरंडोल मागे पडलं तोवर काटा नेहमीसारखा कोरड्याला टेकलेला. पुढे रस्ता उखडलेला होता. आणि तिथं नानांच्या लक्षात एक गंमत आली. खड्डा आला की काटा उडी मारायचा. पहिल्यांदा त्यांना वाटलं, घड्याळ हललं. पण घड्याळ हललं तर काटा थरथरावा. हा चांगला मधल्या खुणेपर्यंत जाऊन परत यायचा. दर खड्ड्याला बॉनेटखालून डब्याचा खडखडाटही यायचा. खडखड झाली की उडी, खडखड झाली की उडी.

नानांनी गाडी बाजूला घेतली.

"झाली वांगी?" वनानं आशेनं विचारलं.

"पाना दे."

बॉनेट उघडून पाहिलं तर डब्याचे बोल्ट ढिले झालेले. चिंध्या केव्हाच जळून गेल्या होत्या. कान जवळ नेला तर भोकांतून फुस्स फुस्स आवाज. नानांनी फडकं धरून चारी बोल्ट गच्च आवळले आणि चाकावर येऊन बसले. गाडी थोडी पुढे गेली. काटा हलला, मधली खूण ओलांडली आणि पार दुसऱ्या टोकाला, ओल्याच्या बाजूला जाऊन पडला. पुढच्या खडबडीत पट्ट्यात बोल्ट पुन्हा ढिले झाले असणार, कारण काटा जसा गेला तसा निमूट परत कोरड्याला आला.

पारोळा येईपर्यंत नानांच्या कपाळावर घाम होता. आता सगळं कळलं होतं. नाक खोटं बोलत नव्हतं. त्यांच्या भोकांतून बाहेरची हवा पाइपात शिरत होती, आणि खाली बसलेलं नाक तीच हवा हुंगून सांगत होतं, हवा फार, पेट्रोल कमी. त्यावर विश्वास ठेवून धनसिंग आक्काला पेट्रोल पाजत सुटला होता. मुळात काहीही बिघडलेलं असो, आता आक्का मरत होती ती वांग्यांच्या पायी.

पारोळ्याला भरीत झालं. वना भाकरी मोडून जेवू लागला. नानांचा पहिला घास हातातच राहिला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

"मंग डबा काढून फेका, बोल्ट आवळा आन् चूप बसा," वना म्हणाला. "धनसिंगले कशाले सांगता?"

"आन् ते मोठं जेट? ते कोन बदलीन? त्याले कारन कळल्याबिगर तो कसा बदलीन? आन् बोल्ट तं उद्या पुन्हा ढिले व्हतीन."

"सांगितलं तं शेठले कळीन. शेठले कळलं तं बाईले कळीन. जल्मभर बाईले पऱ्हाटी सांगितली तुमी. त्या डब्याले हात तं लावतीन का पुन्हा? दाराशी उभं करनार नही तुमाले."

ते खरं होतं. इंदिराबाईंसमोर उभं राहायचं ह्या विचारानंच नानांचे कान तापले. एकीकडे बाईंचा विटाळलेला चेहरा, दुसरीकडे भंगारवाल्याचा हातोडा. त्यांनी काठवटीकडे पाहिलं, मग आक्काकडे पाहिलं. बॉनेटचा एक पंख उचललेला, जणू काखेत थर्मामीटर लावून बसली आहे. नानांनी घास पुन्हा काठवटीत ठेवला आणि काठवट फडक्यानं झाकली.

"हे धनसिंगसाठी," ते म्हणाले.

"बठ्ठं? मले कायबी नही?" वना ओरडला.

धनसिंगच्या दुकानात पोचले तेव्हा तो तोंड पाडूनच बसला होता. "या नाना. खरं सांगू, मीच हरलो. शेठना चिठ्ठी लिहून देतो, गाडी काढून टाका म्हणून."

"चिठ्ठी मंग लिही. पयले जेव."

"आता जेवण?"

"जेव तं खरं."

धनसिंगनं भाकरीचा तुकडा भरितात बुडवला, तोंडात टाकला आणि थांबला. दुसरा तुकडा. डोळे मोठे झाले. "काय चव शे हो! कशावर भाजलं?"

नानांचं तोंड सवयीनं उघडलं. प... म्हणून त्यांनी ते मिटलं. मग त्यांनी त्याला हाताला धरून आक्काजवळ नेलं आणि बॉनेटचा पंख उचलला. तेलाचा डबा, त्याचं झाकण, झाकणाला चिकटलेली वांग्याची साल, आणि मिलिटरीचे चार बोल्ट.

धनसिंगनं डब्याकडे पाहिलं. बोल्टांकडे पाहिलं. खाली सेन्सरकडे पाहिलं. हातातल्या भाकरीकडे पाहिलं. आणि मग तो असा हसू लागला की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

"हाई मिलिटरी शे का तुमनी!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि मी कुवेतच्या विद्येला शिव्या घालतोय!" मग एकदम हसू आवरून त्यानं हातातला तुकडा कागदावर ठेवला. "पण नाना, ही भोकं बाहेरची हवा आत घेतात ना, तशीच आतला धूर बाहेर सोडतात. तुम्ही वांगी भाजत नव्हता, धुपवत होता. ही चव पऱ्हाटीची नाही, पेट्रोलची आहे. शिसं खाऊन माझं हे विलायती नाक चोंदतं. तुम्ही इतकी वर्षं शाबूत कसे?"

"आमी उकिरड्यावरचे," नाना पुटपुटले. मग म्हणाले, "आक्का वाचते का ते सांग. बाकी मंग ऐकतो तुझं."

"न वाचायला काय झालं?" धनसिंगनं बाह्या सरसावल्या. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्या दिवशीसारखा झाला होता. "नाकाची जागा चुकली, एवढंच. नाक आधी पाहिजे, डबा नंतर. नाकाच्या पुढे कुणी काही करो, त्याला कळत नाही. नाकाच्या मागे भोक असलं की बठ्ठं उलटं."

दुपारभर ते तिघं त्या पाइपाशी झटत होते. धनसिंगनं पाइप उतरवला. तीन भोकं वेल्डिंगनं बुजवली. चौथं मोठं केलं, त्यावर आट्यांची नळी जोडली आणि वळणावर, त्याच्या मनातल्या जागी, सेन्सर बसवला. खालचं भोकही बंद केलं. डबा उचलून कोपऱ्यात ठेवला होता. तो नानांनी हळूच उचलला आणि गाडीच्या फळीवर ठेवला.

धनसिंगनं ते पाहिलं. "आणा इकडे," तो म्हणाला. "पण भोक पाडायचं नाही." त्यानं लोखंडी पट्ट्यांचे दोन क्लॅम्प वाकवले आणि डबा पाइपाला बाहेरून आवळून दिला, सेन्सरच्या खाली. "आता नुसता शेक लागेल. धूर नाही."

मग जुनं जेट घातलं. आक्का सुरू झाली. काटा उठला, इकडे गेला, तिकडे गेला, धनसिंगनं सैल पडलेला स्क्रू, मूळचा बिघाड तेवढाच होता, जरा फिरवला, पुन्हा जरा, आणि काटा मधे येऊन हलकेच डुलू लागला. मागच्या पाइपातून येणारा धूर दिसेनासा झाला. वनानं पाठीमागे जाऊन पांढरा रुमाल धरला आणि तो तसाच पांढरा परत आणला.

"शेठले काय सांगशीन?" नानांनी निघताना विचारलं.

"पाइपाला भोकं होती म्हणून सांगेन," धनसिंग म्हणाला. "कशानं पडली ते त्यांनी विचारलं तर तुमच्याकडे पाठवेन." आणि ती कागदावरची भाकरी? ती त्यानं मागे वळून खाल्लीच, नाना बघत नाहीत असं बघून.

शेठनं विचारलं नाही. चोपड्याच्या पुढच्या लग्नाला आक्का भरल्या टाकीनं गेली आणि परत येऊन गोदामात उभी राहिली तरी टाकीत हिंदकळत होतं. पंपावरच्या माणसानं, आजारी होतात की काय, म्हणून नानांची चौकशी केली. महिन्याभरानं धनसिंग आला, त्यानं सेन्सर काढून पेटीत ठेवला आणि त्या जागी बूच पिळलं. आखाजीला शेठनं टेम्पो घेतलाच, पण तो लांबच्या कामाला. भंगारवाला एकदा डोकावला तेव्हा शेठनं त्याला मंडपाचे वाकलेले खांब देऊन वाटेला लावलं.

सगळं निभावलं असं नानांना वाटलं. मग पुन्हा हिवाळा आला, नवी वांगी आली, आणि भरिताचा पहिला डबा इंदिराबाईंकडे गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, उखर्डूला म्हणावं येऊन जा.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. समोर डबा, अर्धा उरलेला.

"कशावर भाजलंस रे?"

"पऱ्हा..."

"पुरे," बाई म्हणाल्या. "तोंड पाहा तुझं. उखर्डू, ह्या वेळचं भरीत कुणीतरी उकडून दिल्यासारखं लागतं. त्या गाडीला काय झालं?"

नाना बघतच राहिले. "गाडीले?"

"तुला काय वाटलं, पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याला पेट्रोलचा वास येतो? अरे, रतिलाल तान्हा होता. आम्ही नाशिकहून त्याच गाडीत येत होतो. वाटेत पोर भुकेनं रडून निळं पडलं. ह्यांनी इंजिनावर पेल्यात दूध तापवून दिलं. तोच वास, तीच चव. तुझा पहिला डबा उघडला आणि मला ते आठवलं. म्हणून तर घेत होते. नाहीतर मी बाहेरचं खाते का?"

नानांना हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, डबा, भोकं, नाक, जेट, पारोळा. बाई ऐकत होत्या. शिसं म्हटल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला, पण तो हसू लपवायला होता असं नानांना वाटलं.

"म्हणजे ती चव आता गेली."

"गेली, बाई. भोकं बुजवली."

"बरं केलंस. गाडी राहिली ते महत्त्वाचं." त्यांनी उरलेला डबा नानांकडे सरकवला. मग म्हणाल्या, "पण हे असलं मला आणू नकोस. इतकी वर्षं पऱ्हाटी पऱ्हाटी सांगितलीस ना? आता पऱ्हाटीवरच भाजून आण. रविवारी."

रविवारी सकाळी असोद्याला नानांच्या अंगणात धूर कोंदला होता. नाना उकिडवे बसून कापसाच्या काड्यांवर वांगी फिरवत होते. काड्या भसकन पेटायच्या आणि तशाच विझायच्या. एका बाजूनं वांगं करपलं होतं, दुसऱ्या बाजूनं कच्चं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. यशोदाबाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

"जल्मभर लोकायले पऱ्हाटीचं भरीत खाऊ घातलं," त्या म्हणाल्या, "आन् वांगं उलटता येत नही! सरका तिकडे."

नाना सरकले. बाहेर आक्का उभी होती, बाईंचा डबा न्यायला. वना तिच्या बॉनेटचा पंख उचलून आत डोकावत होता. त्यानं आपल्यापुरती दोन वांगी तिथं ठेवून दिली होती.